‘मज्जेत लिम्फोमा आहे’ या ओळीच्या पुढे : एका अस्थिमज्जा-तपासणी सेवेविषयी अभिप्राय

माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, अस्थिमज्जेची (हाडांच्या आतील रक्तपेशी बनवणाऱ्या मऊ भागाची) तपासणी तीन आठवड्यांच्या आत दोनदा झाली आणि ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी झाली. पहिल्या ठिकाणचा अहवाल दोन ओळींचा होता, दुसऱ्या ठिकाणचा दोन पानांचा. हा अभिप्राय मुख्यतः दुसऱ्या ठिकाणच्या, म्हणजे एका कर्करोग रुग्णालयातील रक्तविकार विभागाच्या सेवेविषयी आहे. पहिल्या ठिकाणाचा उल्लेख केवळ तुलनेपुरता येईल आणि दोन्हींची नावे मी देणार नाही. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाच्या, रुग्णाला मज्जेची तपासणी करून घेताना नेमके काय मिळायला हवे, एवढेच यातून वाचकाला कळले तरी पुरे आहे.

दादाचे वय तेव्हा ६३ होते. मानेतील गाठीच्या बायोप्सीतून ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ असे निदान झाले होते. हा मोठ्या आकाराच्या बी-पेशींचा (बी-पेशी हा लसिकापेशींचाच एक प्रकार), वेगाने वाढणारा, परंतु उपचारांना चांगला प्रतिसाद देणारा प्रकार मानला जातो. पीईटी-सीटीमध्ये (साखरेसारखे द्रव्य टोचून ते जास्त खाणाऱ्या पेशी उजळ दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) मान, काख आणि पोट अशा तिन्ही ठिकाणच्या लसिकाग्रंथी उजळलेल्या दिसल्या. आजार श्वासपटलाच्या वर आणि खाली असा दोन्ही बाजूंना असल्याने अवस्था तिसरी ठरली. हाडांत मात्र कुठेही ठळक उजळलेला ठिपका नव्हता. त्यानंतर केलेल्या मज्जेच्या तपासणीचा जो पहिला अहवाल हातात आला त्यात एवढेच होते : मज्जेत लिम्फोमाचा शिरकाव आढळतो, अवस्था चौथी. त्या रात्री घरात कोणी नीट झोपले नाही. वहिनींनी तर ‘चौथी’ हा एकच शब्द धरून ठेवला होता.

या शब्दाविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे, कारण निम्मी भीती त्यातूनच येते. फुप्फुसाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगात चौथी अवस्था म्हणजे मूळ जागेवरून दूर पसरलेला आजार. तेथे तिचा अर्थ बहुतेक वेळा गंभीरच असतो. लिम्फोमा हा मुळातच शरीरभर फिरणाऱ्या पेशींचा आजार आहे. त्याच्या अवस्था ठरवण्याची पद्धत १९७१ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथील परिषदेत हॉजकिन या लिम्फोमाच्या एका प्रकारासाठी आखली गेली आणि पुढे तीच इतर लिम्फोमांनाही लावली गेली. या पद्धतीत मज्जेत आजार सापडला की अवस्था आपोआप चौथी होते. मग पेशी मूठभर असोत वा मज्जा त्यांनी भरून गेलेली असो. म्हणून अवस्थेचा आकडा हे आजाराच्या विस्ताराचे वर्णन झाले. रुग्णाचे पुढे काय होईल हे त्या एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. ही गोष्ट आम्हाला पहिल्या ठिकाणी कोणीही सांगितली नाही.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो अहवाल अपुरा वाटला आणि त्यांनीच आम्हाला दुसरीकडे पाठवले. तेथील पहिली चांगली खूण अशी की, त्यांनी अहवालाच्या कागदाकडे जेमतेम पाहिले आणि मूळ स्लाइड व मेणाचा ब्लॉक (मेणात घट्ट करून जपलेला तुकडा) आणायला सांगितला. पॅथॉलॉजीत दुसरे मत म्हणजे ऊतीचा तोच तुकडा दुसऱ्या डोळ्यांनी पाहणे होय. दुसऱ्याने लिहिलेले वाक्य पुन्हा वाचण्याला दुसरे मत म्हणता येत नाही. ब्लॉक पाहिल्यावर कळले की काढलेला तुकडा जेमतेम ०.७ सेंटिमीटरचा होता, त्याचा काही भाग हाडाच्या वरच्या कठीण कवचाचा होता आणि उरलेल्यातील बऱ्याच पेशी सुई फिरवताना चिरडल्या होत्या. लिम्फोमासाठी साधारण अडीच सेंटिमीटरचा तुकडा मिळावा अशी अपेक्षा असते, कारण मज्जेतील शिरकाव सगळीकडे सारखा नसतो. तो ठिपक्याठिपक्यांनी असतो आणि लहान तुकड्यातून सहज निसटतो. येथे तो निसटला नव्हता, पण त्या पेशी कोणत्या हे सांगता येत नव्हते. पहिल्या अहवालात तुकड्याची लांबीच लिहिलेली नव्हती, याचा अर्थ मला तेव्हा उमगला.

पुन्हा सुई टोचण्याआधी मी विभागातील डॉक्टर मॅडमना सरळ विचारले की, हे खरोखर गरजेचे आहे का. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण त्यांच्या उत्तरात होता. त्यांनी सांगितले की, बऱ्याच रुग्णांना आता याची गरज उरलेली नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या लुगानो वर्गीकरणानुसार (लिम्फोमाच्या अवस्था ठरवण्याच्या सुधारित पद्धतीनुसार) हॉजकिन लिम्फोमात पीईटी-सीटी झाले असेल तर मज्जेची बायोप्सी नेहमी करावी लागत नाही. त्याआधी २०१२ साली डेन्मार्कमधील ४५४ हॉजकिन रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले होते की, पीईटीनुसार पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेत असलेल्या एकाही रुग्णाच्या मज्जेत आजार सापडला नाही आणि बायोप्सीच्या निकालामुळे कोणाचाही उपचार बदलला नसता. आमच्या आधी आलेल्या एका तरुण हॉजकिन रुग्णाला त्यांनी याच कारणाने सुई न टोचता परत पाठवले होते. आपल्याच तपासणीची गरज नाही असे सांगणारा विभाग विरळाच.

दादाच्या प्रकारात मात्र प्रश्न निराळा होता. मोठ्या पेशींचा लिम्फोमा मज्जेत घट्ट बसलेला असेल तर तो साखर भरपूर खातो आणि पीईटीत सहसा उजळतो. लहान पेशींचा, संथ वाढणारा लिम्फोमा मज्जेत विखुरलेला असेल तर तो पीईटीला दिसतोच असे नाही. पीईटीत हाडे शांत आणि मज्जेत मात्र काहीतरी सापडलेले, या विसंगतीमुळेच त्या पेशी मोठ्या आहेत की लहान हे जाणणे आवश्यक होते. याउलट संपूर्ण मज्जा एकसारखी उजळलेली दिसली तर तो आजारच असतो असेही नाही. रक्त कमी असताना किंवा पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन दिल्यावर मज्जा जोमाने काम करते आणि तशीच दिसते.

प्रत्यक्ष तपासणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, पण भीती असलेल्यांसाठी थोडे लिहितो. रुग्णाला कुशीवर झोपवून कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यावर सुई घालतात. कातडी आणि हाडावरचे आवरण भुलीने बधिर होते. सर्व मिळून वीसेक मिनिटे लागली. आधी सिरिंजने मज्जेचा द्रव ओढतात आणि मग जाड पोकळ सुईने हाडाचा बारीक दंडगोल काढतात. दादाच्या म्हणण्यानुसार दंडगोल काढताना दाब जाणवतो, पण खरी कळ द्रव ओढण्याच्या त्या चार-पाच सेकंदांत येते, कारण ओढणीच्या त्या वेदनेला भूल पुरत नाही. हे पहिल्या ठिकाणी न सांगितल्यामुळे तो दचकून हलला होता. येथे तंत्रज्ञाने ‘आता ओढतो, पाच अंक मोजा’ असे सांगितले आणि तो हलला नाही. तुकडा २.२ सेंटिमीटरचा मिळाला. नंतर पंधरा मिनिटे पाठीवर झोपून जागा दाबून ठेवायची आणि दिवसभर पट्टी कोरडी ठेवायची, एवढेच पथ्य होते. धोक्याचे विचाराल तर ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत सुमारे ५४,८९० तपासण्यांमागे २६ गंभीर घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांत रक्तस्राव हा मुख्य होता. म्हणूनच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी त्यांनी आधी दोनदा केली.

अहवालाला नऊ दिवस लागले. उपचार थांबलेले असताना हा काळ लांब वाटतो आणि माझी पहिली तक्रार येथे आहे. विलंबाविषयी तक्रार नाही, कारण हाडाचा तुकडा कापण्याआधी त्यातील चुना विरघळवावा लागतो आणि त्यानंतर रंगद्रव्यांच्या चाचण्या होतात. घाई केली तर ऊतक बिघडते. तक्रार अशी की हे नऊ दिवस लागणार हे आम्हाला कोणी सांगितले नाही. चौथ्या दिवसापासून मी रोज दूरध्वनी करत राहिलो आणि रोज ‘अजून तयार नाही’ एवढेच उत्तर मिळत राहिले. शिवाय फ्लो सायटोमेट्रीचा अहवाल, जो द्रवातील पेशींवर होतो आणि दोनच दिवसांत तयार असतो, तो वेगळ्या खिडकीवर पडून होता. तो तेथे आहे हे आम्हाला सातव्या दिवशी योगायोगाने कळले.

अहवाल मात्र वाट पाहण्याजोगा होता. त्यात तुकड्याची लांबी होती, मज्जेच्या किती टक्के जागेत शिरकाव आहे त्याचा अंदाज होता (सुमारे दहा टक्के) आणि तो शिरकाव कोणत्या आकृतिबंधात आहे हेही होते. पेशी हाडाच्या आतील पट्ट्यांना बिलगून बसल्या होत्या. ही ठेवण फॉलिक्युलर लिम्फोमा या संथ प्रकारात विशेषकरून दिसते आणि वाढत्या वयात मज्जेत सापडणाऱ्या निरुपद्रवी लसिकापेशींच्या पुंजक्यांपासून तो वेगळा ओळखायला मदत करते, कारण ते पुंजके सहसा पट्ट्यांपासून दूर, मधल्या जागेत असतात. पेशी लहान होत्या. सीडी२०, सीडी१० आणि बीसीएल२ या खुणा त्यांच्यावर होत्या, सायक्लिन डी१ नव्हती, त्यामुळे मँटल सेल लिम्फोमा या आणखी एका प्रकाराची शक्यता मागे पडली. फ्लो सायटोमेट्रीतही एकाच कुळातील बी-पेशींचा लहान गट सापडला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटी होते : मोठ्या पेशींचा शिरकाव आढळत नाही, गाठीतील आणि मज्जेतील आजाराचे स्वरूप विसंवादी आहे.

‘विसंवादी’ या शब्दावर मॅडमनी आमच्याशी पाऊण तास बोलणे केले आणि याच पाऊण तासासाठी मी हा अभिप्राय लिहितो आहे. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या साधारण दहा ते पंचवीस टक्के रुग्णांत मज्जेत आजार सापडतो, पण त्याचे दोन प्रकार पडतात. गाठीत मोठ्या पेशी आणि मज्जेतही मोठ्याच, हा संवादी शिरकाव. गाठीत मोठ्या पण मज्जेत लहान, संथ पेशी, हा विसंवादी. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामध्ये रिटुक्सिमॅबसह (बी-पेशींवरील सीडी२० या खुणेला लक्ष्य करणाऱ्या औषधासह) उपचार घेतलेल्या रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात संवादी शिरकाव असलेल्यांचे भवितव्य इतर सर्व घटक लक्षात घेऊनही वाईट ठरले, तर विसंवादी शिरकावाचा असा स्वतंत्र दुष्परिणाम दिसला नाही. म्हणजे ‘मज्जेत लिम्फोमा आहे’ हे वाक्य दोन्ही रुग्णांना सारखेच लागू पडते आणि तरी दोघांसाठी त्याचा अर्थ सारखा नसतो. आमच्या पहिल्या अहवालात जे निसटले ते नेमके हेच.

त्यानंतर त्यांनी कागद घेऊन आमच्यासमोर आकडेमोड केली. १९९३ पासून वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय भवितव्य निर्देशांकात पाच घटकांना प्रत्येकी एक गुण असतो : वय ६० च्या पुढे, रक्तातील एलडीएच हे विकर वाढलेले, दैनंदिन हालचालींची क्षमता बरीच खालावलेली, अवस्था तिसरी किंवा चौथी आणि ग्रंथींबाहेर एकाहून अधिक ठिकाणी आजार. दादाला वयाचा एक, एलडीएचचा एक आणि अवस्थेचा एक, असे तीन गुण. आता यात मज्जेने काय बदलले ते पाहा. अवस्था तिसरीची चौथी झाली, पण या निर्देशांकात दोन्ही अवस्थांना एकच गुण आहे. ग्रंथींबाहेरचे ठिकाण मज्जा हे एकच असल्याने तो गुण लागूच झाला नाही. मज्जेआधी तीन, मज्जेनंतरही तीन. ज्या शब्दाने घराची झोप उडवली होती त्याने बेरजेत शून्याची भर घातली होती. वहिनींनी तो कागद मागून घेतला आणि तो अजून त्यांच्या पाकिटात आहे.

मॅडमनी तेवढ्यावर आम्हाला खूश करून पाठवले नाही, हेही नोंदले पाहिजे. २०१४ मधील सुधारित निर्देशांकात मज्जेला ग्रंथींबाहेरच्या महत्त्वाच्या अवयवांमध्ये स्थान आहे आणि ६१ ते ७५ या वयाला दोन गुण आहेत. त्या हिशेबाने दादाचे चार गुण मज्जेमुळे पाच झाले. चार आणि पाच हे दोन्ही एकाच, मध्यम-उच्च जोखमीच्या गटात येतात, पण भर पडली हे खरे. शिवाय विसंवादी शिरकावाची स्वतःची एक गोष्ट असते. मज्जेतील संथ लिम्फोमा हा कधी गाठीतील आक्रमक लिम्फोमाचाच मूळ पूर्वज असतो, कधी त्याच्याशी संबंध नसलेला वेगळा आजार असतो. दोन्ही परिस्थितींत मोठ्या पेशी उपचाराने नाहीशा झाल्यानंतरही लहान पेशी मागे राहून काही वर्षांनी डोके वर काढू शकतात. म्हणून मोठ्या पेशींच्या लिम्फोमात दोन वर्षे निर्वेध गेल्यावर जो निर्धास्तपणा येतो तो येथे तसाच्या तसा घेता येणार नाही, पाळत अधिक काळ ठेवावी लागेल, असे त्यांनी आधीच सांगितले. वाईट बातमी उपचारांच्या शेवटी न काढता सुरुवातीलाच, योग्य मापात सांगणे ही मला सेवा वाटते.

त्याच दिवशी बाहेर बसलेल्या एका कुटुंबाशी बोलणे झाले आणि त्यांच्या रुग्णाला फॉलिक्युलर लिम्फोमा होता. त्यांनाही ‘चौथी अवस्था’ ऐकवली गेली होती आणि तीही मज्जेमुळेच. या प्रकारात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्णांच्या मज्जेत निदानाच्या वेळीच आजार असतो आणि तरीही अनेकांना लगेच उपचारही द्यावे लागत नाहीत. फॉलिक्युलर लिम्फोमासाठीच्या भवितव्य निर्देशांकात, २००९ सालच्या सुधारित आवृत्तीत, मज्जेचा शिरकाव हा पाच घटकांपैकी एक आहे. २००४ च्या मूळ आवृत्तीत तो स्वतंत्रपणे नव्हताच. वाल्डेनस्ट्रॉम या संथ लिम्फोमाच्या प्रकारात तर मज्जेतील शिरकाव हा निदानाचाच भाग आहे, त्यामुळे त्यावरून भवितव्य वेगळे काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मँटल सेल लिम्फोमात तो बहुतेकांत असतो. हॉजकिनमध्ये मात्र तो थोड्याच रुग्णांत, शंभरातील पाच-आठ जणांत सापडतो. एकच वाक्य प्रत्येक आजाराच्या संदर्भात निराळ्या वजनाने येते आणि मज्जेचा अहवाल गाठीच्या अहवालाशेजारी ठेवून वाचल्याशिवाय ते वजन कळत नाही. दुसऱ्या ठिकाणचा पॅथॉलॉजिस्ट गाठीचा ब्लॉकही मागवून घेतो, तो याचसाठी.

दादाला एकवीस दिवसांच्या अंतराने आर-चॉपची (रिटुक्सिमॅब आणि केमोथेरपी यांच्या एकत्रित उपचाराची) सहा आवर्तने मिळाली. शेवटच्या पीईटीत सर्व ग्रंथी शांत होत्या. पण मज्जेतील आजार पीईटीला सुरुवातीलाही दिसला नव्हता, तेव्हा शेवटी दिसत नाही यावरून मज्जेविषयी काहीच सिद्ध होत नाही, हे विभागाने आपणहून लक्षात आणून दिले आणि मज्जा पुन्हा तपासली. या वेळी आणखी एक बारकावा पाहायला मिळाला : रिटुक्सिमॅबनंतर उरलेल्या बी-पेशींवरील सीडी२० ही खूण नाहीशी झालेली असू शकते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबले तर आजार नाही असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. अहवालात म्हणून सीडी७९ए आणि पीएएक्स५ या खुणांचीही नोंद होती. शिरकाव आढळला नाही. त्याला आता चौदा महिने झाले. तपासणीसाठी जाणे चालू आहे.

पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण पॅथॉलॉजीचा किंवा डॉक्टरांचा नाही, तो अहवाल रुग्णापर्यंत पोहोचवण्याच्या व्यवस्थेचा आहे. दोन पानांच्या त्या उत्तम अहवालासोबत साध्या भाषेतील अर्धे पान जोडले असते तर मॅडमच्या पाऊण तासातील वीस मिनिटे वाचली असती आणि ज्या रुग्णांना तो पाऊण तास मिळत नाही त्यांच्या हाती काहीतरी राहिले असते. तुकड्याची लांबी, शिरकावाचे प्रमाण, पेशी लहान की मोठ्या, गाठीशी संवादी की विसंवादी, ही चार उत्तरे ज्या अहवालात नाहीत तो घेऊन घरी जाऊ नये, तेथेच विचारावे. ब्लॉक परत मागून स्वतःजवळ जपून ठेवण्याची सोय येथे आहे आणि ती अर्ज करताच मिळाली. फ्लो सायटोमेट्रीचा अहवाल मात्र तिसऱ्या तपासणीच्या वेळीही वेगळ्या खिडकीवरच होता. या खेपेला आम्हाला ती खिडकी माहीत होती, एवढाच फरक.